तेलकट लाकडाचे धनुष्य

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याची आमच्या मनात पुष्कळ घालमेल झाली. ज्याने जन्मभर शाळेत खडू झिजविला त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु ते महत्त्व याच व्यासपीठावरून आम्ही अनेकदा सांगितले आहे. आज आम्ही लाकडाविषयी बोलणार आहोत. आपण जातीने सुतार. तेव्हा हा विषय आपणांस परका वाटू नये. परका झाला आहे तो आम्हांला. वडिलांचा रंधा आम्ही वयाच्या सोळाव्या वर्षी खाली ठेवला तो पुन्हा हाती धरला सेवानिवृत्तीनंतर, आणि तोही एका धनुष्यापायी. त्या धनुष्याची हकीकत सांगण्याची परवानगी असावी.

2023 साली जर्मनीत बर्लिन येथे धनुर्विद्येच्या जागतिक स्पर्धा झाल्या. त्यांत आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी ही सतरा वर्षांची मुलगी वैयक्तिक जगज्जेती ठरली आणि नागपूरच्या ओजस देवतळे यानेही पुरुषांत तोच मान मिळविला. तेव्हापासून गावोगावच्या मुलामुलींना धनुष्याचे वेड लागले. आमची तेरा वर्षांची नातही त्यांतलीच. एके दिवशी तिने आम्हांस विचारले, "आजोबा, आपण सुतार ना? मग पूर्वी धनुष्य आपणच करीत असू. तुम्हांला येते का करता?" आम्ही तिला रामायण सांगितले, महाभारत सांगितले, गांडीव आणि शार्ङ्ग यांची नावे सांगितली, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर काही दिले नाही. धनुष्य कोणी उचलले, कोणी मोडले, हे आम्हांस पाठ होते. ते केले कसे जाते, हे सांगता येईना. शिक्षकाला विद्यार्थ्यापुढे गप्प बसावे लागणे यासारखे दुःख नाही. म्हणून आम्ही हा विषय अभ्यासास घेतला.

प्रथम आपल्या देशातील धनुष्याविषयी थोडे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्ये कशाकशाची करावीत ते सांगितले आहे : ताडाची, वेळूची, लाकडाची आणि शिंगाची. सिकंदराबरोबर आलेल्या नेआर्कस नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने हिंदी सैनिकांचे जे वर्णन केले ते पुढे एरियन या ग्रीक इतिहासकाराने आपल्या ग्रंथात उतरून ठेवले. त्यात म्हटले आहे, की हिंदी पायदळाचे धनुष्य धनुर्धराच्या उंचीइतके लांब असे आणि ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून, दोरी खूप मागे ओढून बाण सोडीत. म्हणजे ज्याला आज लांब धनुष्य म्हणून इंग्रजांचे समजतात, ते आपल्याकडेही होते. आपल्या रानांतील धामण या झाडाला संस्कृतात धनुर्वृक्ष असे नावच आहे. कावडीच्या दांड्याला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला ते लाकूड वापरतात, कारण ते वाकते आणि पुन्हा सरळ होते. सातपुड्यातील भिल्ल बांधव वेळूचा कामठा करतात आणि त्याची दोरीही वेळूच्याच चिंबीची असते. तात्पर्य, हा विषय परदेशी नव्हे.

आता धनुष्य म्हणजे काय, ते एखादी कांब हाती घेऊन पाहावे. कांब वाकविली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. धनुर्धराच्या समोर, लक्ष्याकडे असलेल्या बाजूला पाठ म्हणतात. त्याच्याकडे असलेल्या बाजूला पोट म्हणतात. पाठीला ताण सोसावा लागतो, पोटाला दाब सोसावा लागतो. सर्व लाकडांत हे दोन्ही गुण सारखे नसतात. कोणी ताण चांगला सोसते तर कोणी दाब. दाब न सोसणारे पोट चुरमडते. ताण न सोसणारी पाठ तुटते. धनुष्य करणाऱ्याची सारी विद्या या दोन वाक्यांत आहे.

इंग्लंडातील लोकांनी यासाठी यू नावाचे झाड निवडले. या झाडात निसर्गानेच दोन लाकडे एकत्र ठेवली आहेत. सालीलगतचे पांढरे रसकाष्ठ ताण सोसते आणि आतले तांबूस सारकाष्ठ दाब सोसते. त्या दोहोंच्या सीमेवर कांडे असे चिरावयाचे, की पाठ पांढरी आणि पोट तांबडे व्हावे. 1346 सालची क्रेसीची आणि 1415 सालची आजँकूरची लढाई इंग्रजांनी याच धनुष्यांच्या जोरावर जिंकली. त्यांना पुढे हे लाकूड पुरेना, म्हणून 1472 साली त्यांनी कायदा केला, की परदेशी व्यापाऱ्याने मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्याची चार कांडी आणलीच पाहिजेत. 1545 साली बुडालेले मेरी रोज नावाचे त्यांचे लढाऊ जहाज 1982 साली समुद्रातून वर काढण्यात आले. त्यावर यूची शंभराहून अधिक अखंड धनुष्ये सापडली. चारशेहून अधिक वर्षे चिखलात राहूनही त्यांचा आकार शाबूत होता. जहाज बुडाले त्याच 1545 साली रॉजर ॲशॅम या गृहस्थाने धनुर्विद्येवर इंग्रजीतील पहिला ग्रंथ प्रसिद्ध केला. हा ॲशॅम धंद्याने शिक्षक; पुढे राणी झालेल्या एलिझाबेथचा तो गुरू. ग्रीक आणि लॅटिन शिकविणाऱ्या त्या पंडिताला धनुष्याच्या लाकडाची पारख लिहिण्यात कमीपणा वाटला नाही, हे आम्हांला मुद्दाम सांगावेसे वाटते.

पुढे धनुष्य रणांगणावरून गेले आणि खेळाच्या मैदानावर आले. यू दुर्मिळ होत गेला. तेव्हा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील कारागिरांनी उष्ण कटिबंधातील जड लाकडे आणून पाहिली. गियानाचे ग्रीनहार्ट, वेस्ट इंडीजचे लान्सवुड अशी त्यांची नावे आहेत. ही लाकडे दाब उत्तम सोसतात, परंतु यूसारखी ताण घेणारी पाठ त्यांना नसते. म्हणून त्यांच्या पाठीवर हिकरी किंवा ॲश यांसारख्या चिवट लाकडाची पातळ पट्टी चिकटवावयाची, अशी रीत पडली. निसर्गाने यूमध्ये जे एकत्र ठेवले होते, ते कारागिराने सरसाने एकत्र आणले. अर्थात अशा धनुष्याचा जीव त्या सांध्यात असतो. आणि ही जी जड लाकडे, ती बहुतेक तेलकट. तेलकट लाकूड सांधा सहजी घेत नाही. आमच्या हकीकतीचे मूळ येथे आहे.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा लाकूडकामाची कंत्राटे घेतो. समुद्रकाठच्या एका हॉटेलात पोहण्याच्या तलावाभोवती लाकडी फरसबंदी करण्याचे काम त्याच्याकडे होते. तेथील उरलेल्या फळ्यांचे तुकडे तो घरी घेऊन आला होता. ते लाकूड दक्षिण अमेरिकेतील, इपे नावाचे. मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गालगत उन्हाळ्याच्या तोंडी जी झाडे गुलाबी फुलांनी लदबदून जातात, ती या इपेची चुलत भावंडे. आपल्या रानांतील टेटू आणि पाडळ हीही त्याच कुळातली. इपेच्या एका घनमीटराचे वजन हजार किलोंहून अधिक भरते, सागवानाचे सुमारे साडेसहाशे. म्हणून इपेचा तुकडा पाण्यात टाकला की बुडतो. त्याच्या छिद्रांत पिवळी पूड असते. ते घासल्यावर आम्ही कपड्यांच्या साबणाने हात धुतले, तो पिवळे हात लालभडक झाले. घरातील बायकांना रक्त आले असे वाटून त्या घाबरल्या. या पुडीत लापाकोल नावाचे द्रव्य असते आणि क्षार लागला की ते तांबडे होते. अशाच तेलकट, मेणचट द्रव्यांमुळे या लाकडाला वाळवी लागत नाही आणि पावसापाण्याने ते कुजत नाही. सागवानाचे टिकाऊपणही याच जातीच्या द्रव्यांमुळे आहे. मात्र इपेची धूळ नाकाला व त्वचेला बाधते. तोंडाला फडके बांधल्यावाचून ते घासू नये.

येथे एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. या झाडांची तोड फार झाल्यामुळे 2022 साली पनामा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत इपेचा व्यापार परवान्याखाली आणण्याचे ठरले आणि 25 नोव्हेंबर 2024 पासून तो नियम लागू झाला. तेव्हा धनुष्यासाठी नवी फळी मागवावी असे आम्ही कोणासही सांगणार नाही. उरलेल्या, टाकाऊ तुकड्यांतून एक कांब काढावी, एवढाच आमचा उद्योग.

आम्ही पुतण्याला म्हणालो, "अरे, यातून मुलीला एक धनुष्य करून देऊ." तो हसून म्हणाला, "काका, तुम्ही सांगा, मी करतो." आम्ही पुस्तके वाचून मापे काढली. नातीची उंची पाच फूट. म्हणून धनुष्य 64 इंच लांब धरले. दोरीची ओढ 25 इंच आणि पूर्ण ओढीला 22 पौंडांचा जोर असे ठरविले. धनुष्याचा जोर अजूनही पौंडांतच मोजतात. इपेची कांब मधोमध एक इंच रुंद आणि अर्धा इंच जाड घेतली. दोन्ही टोकांकडे रुंदी उतरत उतरत तीन अष्टमांश इंचावर आणली. ही मापे आरंभीची होत; अखेरची मापे कागदावर ठरत नाहीत, हे पुढे कळले.

फळी निवडताना पुतण्याने आम्हांस थांबविले. आम्ही सर्वांत सुंदर रंगाची फळी उचलली होती. त्याने ती बाजूस ठेवली आणि एक साधी, काळपट फळी घेतली. "काका, हिच्या रेघा बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातात. तुमच्या फळीच्या रेघा मध्येच कडेला बाहेर पडतात. ती तेथेच तुटेल." इपेचे तंतू पुष्कळदा एकमेकांत उलटसुलट गुंतलेले असतात, रंधा एका दिशेने गुळगुळीत चालतो आणि वीतभर पुढे जाताच कपचे काढतो. अशी फळी धनुष्याला घेऊ नये.

पाठीसाठी आम्ही जून कळकाची चीप घेतली. बांबूचे सर्वांत बळकट तंतू बाहेरच्या सालीलगत असतात. म्हणून बाहेरून त्याला रंधा लावावयाचा नाही, पेरही छाटावयाचे नाही. आतली बाजू तेवढी रंधून सपाट करावयाची. मध्ये अष्टमांश इंच आणि टोकांकडे त्याच्या निम्मी, एवढी जाडी ठेवली. ताण सोसण्यात बांबू इतका खंबीर आहे, की हलक्या लाकडाचे पोट त्याच्याखाली चुरमडून जाते. त्याला जोड इपेसारख्या दाट लाकडाचीच हवी. अमेरिकेत आणि युरोपात धनुष्ये करणारे कारागीर ही जोडी आवडीने वापरतात.

आता आमच्या चुकीकडे येतो. दोन्ही पृष्ठभाग रंधून तयार झाले तेव्हा दिवेलागण झाली होती. पुतण्या म्हणाला, "काका, डिंक आत्ताच लावू. हे लाकूड सागवानासारखे आहे. सकाळपर्यंत तोंड फिरवील." आम्हांला थकवा आला होता. शिवाय डब्यावरील सूचना आम्ही चष्मा लावून वाचल्या होत्या; पृष्ठभाग स्वच्छ व कोरडा असावा, एवढेच तीत लिहिले होते. आम्ही म्हणालो, "स्वच्छ आहे, कोरडाही आहे. सकाळी लावू. वाचलेले आम्हांला कळते." तो काही बोलला नाही. आमच्या शब्दाला उत्तर न देण्याची सवय त्याला लहानपणापासूनच होती. तीही आम्हीच लावलेली.

सकाळी आम्ही डिंक लावला, शिकंजे आवळले, दोन दिवस थांबलो. धनुष्य दिसावयास सुरेख झाले. थोडे तासले, दोरी चढविली आणि हळूहळू ओढू लागलो. अठरा इंचांवर फटाका फुटावा तसा आवाज झाला. खालच्या अर्ध्या भागावरील बांबू हातभर उचकटला आणि त्याचे टोक आमच्या मनगटावर बसले. नात बाजूस उभी होती; तिला लागले नाही, ही ईश्वराची कृपा. पुतण्याने दोन्ही तुकडे उजेडात धरून आम्हांस दाखविले. बांबूवर डिंकाचा सारा थर जसाच्या तसा होता. इपेवर मात्र डिंकाचा कणही नव्हता. त्याचे तोंड काचेसारखे चकचकीत होते. डिंक कमजोर नव्हता आणि लाकूडही मोडले नव्हते. ती दोन्ही एकमेकांना मिळालीच नव्हती. रात्रभरात लाकडातील तेलकटपणा पुन्हा वर येऊन पृष्ठभागावर पसरला होता.

त्या क्षणी आम्हांला आमचे वडील आठवले. ते सागवानाची दारे करीत. सांध्याला सरस लावीत, पण केवळ त्याच्यावर विसंबत नसत. कुसू खाचेत बसवून त्यातून बांबूची मेख ठोकीत. आणि ते नेहमी म्हणत, "रंध्याच्या पाठोपाठ सरस, मध्ये रात्र जाता कामा नये." हे वाक्य आम्ही लहानपणी शंभरदा ऐकले होते. तो अडाणी माणसांचा नेम आहे, मुहूर्तासारखा काही प्रकार आहे, अशी आमची समजूत होती. त्या वाक्यात रसायनशास्त्र होते, हे समजावयास आम्हांला एक मोडलेले धनुष्य लागले. आमच्या पुतण्याला ते माहीत होते, कारण तो आमच्या वडिलांच्या हाताखाली काम करीत मोठा झाला होता.

दुसऱ्या वेळी आम्ही मुकाट्याने त्याच्या हाताखाली काम केले. त्याची रीत सविस्तर सांगतो. सागवानाचे सांधे करणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल. इपेला ताजा रंधा मारला. मग लोखंड कापण्याच्या करवतीचे पाते आडवे धरून लांबीच्या दिशेने ओढले आणि बारीक ओरखडे पाडले, म्हणजे डिंकाला धरावयास जागा झाली. नंतर पांढरे फडके ॲसिटोनमध्ये भिजवून पुसले. पहिले फडके पिवळे निघाले, दुसरे फिके, पाचवे जवळजवळ पांढरे. हे काम उघड्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावे. ॲसिटोन झटकन पेट घेते. ते उडून जाताच, पाव तासाच्या आत, दोन भाग मिसळून होणारा इपॉक्सी डिंक दोन्ही तोंडांना लावला. शिकंजे फार आवळले नाहीत. फार आवळले तर सारा डिंक बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी सारी कांब गुंडाळली. टोके पाठीच्या दिशेला दीड इंच वळलेली राहतील, अशा बेताने ती एका फळीवर बांधली. मग दोन दिवस तिला कोणी हात लावला नाही.

यानंतरचे काम सर्वांत नाजूक. ते म्हणजे दोन्ही बाजूंचा वाक जुळविणे. त्यातील गणित आम्ही पुतण्याला सांगितले, तेवढीच आमची भर. कांबेची रुंदी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होतो. पण जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. उलट पक्षी, जाडीतून दहावा हिस्सा काढला तर ताठपणा चतुर्थांशाहून अधिक कमी होतो. म्हणून पोटावरून कागदाएवढा पापुद्रा काढला तरी तो मोजला पाहिजे. हे ऐकून पुतण्या म्हणाला, "म्हणून होय! मला हाताला कळत होते, कारण कळत नव्हते." त्याच्या तोंडावरचा आनंद पाहून आम्हांला जन्मभरच्या मास्तरकीचे सार्थक वाटले आणि लाजही वाटली.

वाक जुळविण्याची रीत अशी. भिंतीला एक खुंटा ठोकून त्यावर धनुष्याचा मध्य ठेवावयाचा. दोरी कप्पीवरून खाली ओढावयाची, मध्ये स्प्रिंगचा काटा लावावयाचा आणि सहा हात दूर उभे राहून दोन्ही अंगे पाहावयाची. ठरलेला जोर 22 पौंड. तर काटा 22 दाखवील तेथे थांबावयाचे, मग ओढ दहाच इंच का झालेली असेना. त्यापुढे एक इंचही ओढावयाचे नाही. जे अंग ताठ दिसेल तेथे पोटाकडून खरवडावयाचे. जे अंग जास्त वाकत असेल त्याला हात लावावयाचा नाही. रंधा आणि कानस येथे उपयोगी नाहीत; काचेच्या तुकड्याच्या धारेने खरवडावे. एकदा खरवडल्यावर धनुष्य तीस वेळा हळूहळू ओढून सोडावे आणि मग पाहावे, कारण लाकूड आपला बदल लगेच दाखवीत नाही. पाठीच्या बांबूला तर अखेरपर्यंत पाते लागता कामा नये. खालचे अंग वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवावे. मूठ मध्याच्या थोडी खाली येते, त्यामुळे खालच्या अंगावर भार अधिक पडतो.

या एका कामाला आम्हांला नऊ दिवस लागले. रोज अर्धा इंच, कधी तेवढेही नाही. शाळेत आम्ही पस्तीस मिनिटांच्या तासात धडा संपविला. कोणत्या मुलाचे अंग ताठ आहे, कोणाचे जास्त वाकते आहे, हे दूर उभे राहून पाहण्यास आम्ही नऊ दिवस कोणाला दिले होते, हा विचार त्या नऊ दिवसांत आमच्या मनातून गेला नाही.

दहाव्या दिवशी धनुष्य 25 इंचांवर 22 पौंड दाखवू लागले आणि त्याचा वाक चंद्रकोरीसारखा सारखा झाला. कडा गोलावल्या, टोकांना खाचा पाडल्या, मुठीला चामडे गुंडाळले. नातीला आम्ही दोन नियम घालून दिले : बाण लावल्यावाचून दोरी ओढून सोडू नये, कारण बाणाला जाणारा सारा धक्का मग धनुष्यालाच बसतो, आणि खेळ संपताच दोरी उतरवून ठेवावी. ते धनुष्य घेऊन ती आज चौदा महिने सराव करीत आहे. सांधा केसभरही उघडलेला नाही.

समाजबांधवहो, आता ज्यासाठी हे सांगितले ते सांगतो. आमचा हा पुतण्या आठवीत आमच्याच वर्गात होता. गणितात तो मागे पडे. एके दिवशी भर वर्गात आम्ही त्याला म्हणालो, "शिकला नाहीस तर जन्मभर रंधा मारीत बसशील." वर्ग हसला. त्या वर्षाअखेर त्याने शाळा सोडली. तेच वाक्य आम्ही आपल्या समाजाच्या किती मुलांना ऐकविले, त्याचा हिशेब नाही. ज्या रंध्याने आमच्या वडिलांनी आम्हांला मॅट्रिकपर्यंत शिकविले, त्याच रंध्याची आम्ही मुलांना भीती घातली. वाक्य म्हणून ते क्रूर होतेच. पण ते खोटेही होते. रंधा मारण्यात ज्ञान नाही असे त्यात आम्ही सांगत होतो, आणि ज्ञान कोठे होते हे आपण आत्ताच ऐकले.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. मुलांनी शाळा सोडून वाकस हाती धरावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुलींनी आणि मुलांनी खूप शिकावे, अधिकारी व्हावे, इंजिनियर व्हावे. जाडीच्या तिसऱ्या घाताचा नियम पुतण्याला पुस्तकावाचून कळला नसता. आणि रंध्यापाठोपाठ सरस लावण्याचा नियम आम्हांला पुस्तकातून मिळाला नाही. दोघांनाही अर्धेच ठाऊक होते. बांबूचे काम बांबूने करावे, इपेचे इपेने. परंतु सांधा नीट बसला तरच ते धनुष्य. आपल्या समाजात आज शिकलेले आणि हाताने काम करणारे असे दोन भाग एकमेकांना लागून आहेत. वरून पाहिले तर एकजीव दिसतात. ताण पडला की सांधा कसा उघडतो, ते लग्ने जुळविताना आपण पाहतोच. शिकलेल्यांच्या अंगावर जो एक तेलकटपणा चढतो, तो पुसून काढावा लागतो, आणि तो एकदा पुसून भागत नाही. हे आम्ही इतरांस नव्हे, स्वतःस उद्देशून बोलत आहोत.

म्हणून चालकांपुढे एक नम्र सूचना ठेवतो. दरवर्षी या मेळाव्यात शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा आपण सत्कार करतो. तो करावाच. त्याच्याच शेजारी, त्याच शालीने आणि त्याच नारळाने, हाताने उत्तम काम करणाऱ्या एका तरुणाचा किंवा तरुणीचाही सत्कार व्हावा. त्याच्या कामाचा नमुना व्यासपीठावर मांडावा आणि ते कसे केले हे त्याने आपल्या शब्दांत पाच मिनिटे सांगावे. पहिल्या वर्षाच्या बक्षिसाची रक्कम आमच्या निवृत्तिवेतनातून देण्याची आमची तयारी आहे.

आमचा पुतण्या आज या सभेत मागच्या रांगेत बसला आहे. तीस वर्षांपूर्वी चाळीस मुलांसमोर आम्ही त्याचा अपमान केला. आज चारशे माणसांसमोर आम्ही त्याची क्षमा मागतो. उत्तर देण्याची त्याला सवय नाही, आणि त्याने ते द्यावे असा आमचा आग्रहही नाही. परंतु सभा संपल्यावर त्याने ते धनुष्य सर्वांना दाखवावे, आणि त्याचा सांधा कसा केला हे कोणी विचारल्यास आमच्याकडे बोट न दाखविता स्वतःच सांगावे, एवढी आमची त्याला विनंती आहे.



जय विश्वकर्मा.